आफ्रिकेत कोरोनाने कोण मेलं, असं विचारणाऱ्या माझ्या मामांना

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर धाकट्या मामांचा दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. सांगलीत आमच्याकडे परत तोच वाद चाललाय, लॉकडाऊन लावायलाच नको होता, लस उगाच टोचून घेतली वगैरे, आणि पुरावा म्हणून मामांनी आफ्रिका काढली. "त्या लोकांनी ना मास्क लावला ना लस घेतली, कडक ऊन आणि मलेरियाच्या गोळ्या, बास, कोण मेलं तिकडे सांग बघू." मी अकरा वर्षं केनियात, नैरोबीला राहते, कोरोनाचा सगळा काळ इथेच काढला, म्हणजे प्रश्न मलाच होता. ग्रुपवर एका ओळीत उत्तर देता येईना म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधी उन्हाचं बघू. मामा, नैरोबी समुद्रसपाटीपासून जवळपास 1,800 मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा उंच, जुलैत सकाळी 11-12 डिग्री असतं आणि मी स्वेटर घालून ऑफिसला जाते. दक्षिण आफ्रिकेत तर जून-जुलैत चांगली थंडी असते आणि तिथली 2020 ची पहिली लाट ऐन हिवाळ्यात आली. आफ्रिका म्हणजे एक तापलेलं वाळवंट नाही, 50 च्यावर देश आहेत, पण आपल्याकडे सगळ्याला मिळून एकच शब्द.

मलेरियाच्या गोळ्यांचं म्हणाल तर क्लोरोक्वीन केनियात 1990 च्या दशकाच्या शेवटीच मलेरियासाठी बंद झाली, कारण जंतू तिला दाद देईनात, इथे आता दुसरीच गोळी देतात. आणि तिच्याच जातीच्या हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनचा कोविडच्या पेशंटना फायदा नाही हे ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत जून 2020 मध्येच दिसलं होतं. मादागास्करच्या राष्ट्राध्यक्षांनी एप्रिल 2020 मध्ये टीव्हीवर पिऊन दाखवलेला आर्टेमिसिया या वनस्पतीचा काढा, त्याचाही गुण कुठे सिद्ध झाला नाही.

मास्क लावला नाही म्हणता? 13 मार्च 2020 ला केनियात पहिला पेशंट सापडला आणि 27 मार्चपासून संध्याकाळी 7 ते पहाटे 5 कर्फ्यू, तो तासांमध्ये थोडाफार फरक होत होत ऑक्टोबर 2021 पर्यंत चालला, एकोणीस महिने. शाळा पूर्ण उघडल्या त्या जानेवारी 2021 मध्ये. मास्क सक्तीचा होता, दुकानाच्या दाराशी पाण्याचा पिंप आणि साबण ठेवलेला असायचा, हात धुतल्याशिवाय आत घेत नसत.

शेजारी टांझानियात मात्र उलटं झालं. राष्ट्राध्यक्ष मागुफुली मे 2020 मध्ये म्हणाले की पपई आणि बकरीचे नमुने माणसांची नावं लावून लॅबला पाठवले तर तेही पॉझिटिव्ह आले, म्हणजे टेस्टच खोटी. आकडे देणं बंद झालं, 509 केसेस आणि 21 मृत्यूंवर गाडी थांबली ती वर्षभर, आणि जूनमध्ये प्रार्थनेने कोरोना गेला असं जाहीर झालं. त्याच काळात नामांगाच्या सीमेवर केनियाने ट्रक ड्रायव्हरांची टेस्ट सुरू केली तर पॉझिटिव्ह निघतच होते, आमच्या कंपनीचा माल तिथे दिवसेंदिवस अडकून पडायचा त्यामुळे मला ते चांगलं आठवतंय. मागुफुली मार्च 2021 मध्ये गेले, कारण हृदयविकार सांगितलं गेलं. त्यांच्यानंतर आलेल्या सामिया सुलुहू हसन यांनी जुलैमध्ये स्वतः कॅमेऱ्यासमोर लस घेतली.

आता मुख्य मुद्दा, कोण मेलं. केनियाचा सरकारी आकडा 5,700 च्या आसपास आहे आणि मामांसारखे लोक तोच दाखवतात. पण 2021 च्या सुरुवातीला केनियात रक्तदात्यांचं रक्त तपासलं तर जवळपास निम्म्या लोकांत अँटीबॉडी निघाल्या, तेव्हा सरकारी केसेस होत्या लाखभर, तेही 5 कोटींच्या देशात. म्हणजे रोग पसरला होता, टेस्ट झाल्या नव्हत्या. झांबियात लुसाकाच्या शवागारात 2020 मध्ये मृतदेहांची टेस्ट केली तर शंभरात पंधरा-वीस पॉझिटिव्ह, आणि त्यातल्या बहुतेकांची जिवंतपणी टेस्टच झालेली नव्हती. दक्षिण आफ्रिकेत नोंदी नीट ठेवतात, तिथे कोविडचे अधिकृत मृत्यू लाखभर, पण नेहमीपेक्षा जास्त झालेले मृत्यू मोजले तर 3 लाखांच्या घरात जातात.

मामांचं एक मात्र मी मान्य करते, इथे न्यूयॉर्कसारखं किंवा एप्रिल 2021 च्या आपल्यासारखं चित्र बहुतेक ठिकाणी दिसलं नाही. त्याचं मोठं कारण वय. इथल्या निम्म्या लोकांचं वय विशीच्या आत आहे, आपल्याकडे निम्मे लोक साधारण 28 वर्षांच्या आत आहेत. आणि वय झालेली माणसं शहरात वृद्धाश्रमात नसतात, गावी असतात, तिथे मेली तर मोजायला कोण जाणार?

आमच्या बिल्डिंगच्या आस्कारीचे, म्हणजे वॉचमनचे, वडील 2021 च्या जूनमध्ये गेले. गाव सियाया भागात, व्हिक्टोरिया सरोवराकडे, तेव्हा त्या पट्ट्यातल्या 13 जिल्ह्यांत कडक कर्फ्यू होता, अंत्यविधीला 50 च माणसं. वय 71, चार दिवस खोकला, मग श्वास लागला, जवळच्या दवाखान्यात ऑक्सिजन नव्हता, घरीच गेले. गावाकडे घरी मृत्यू झाला की तिथला असिस्टंट चीफ नोंद करतो. परत आल्यावर आस्कारीने तो कागद प्लास्टिकच्या पिशवीतून काढून मला दाखवला, पगाराच्या उचलीसाठी हवा होता, त्यात कारण लिहिलं होतं न्यूमोनिया. मी पोले साना, म्हणजे फार वाईट वाटलं, एवढंच म्हणाले, दुसरं काय म्हणणार. त्याच घरात त्याची आई आणि भाऊ आजारी होते, टेस्ट कुणाचीच नाही.

लसीचंही ऐका. मार्च 2021 मध्ये केनियात पहिल्यांदा दहा लाखांवर डोस आले ते पुण्याच्या सिरमचे, कोवॅक्स या जागतिक लसवाटप योजनेतून. मी एप्रिलमध्ये घेतला, सिस्टरने कुपी हातात धरली होती, त्यावर पुणे लिहिलेलं वाचलं आणि मला रडू आलं. त्याच आठवड्यात माझी बहीण पुण्यात स्लॉटसाठी रात्रभर मोबाईल घेऊन बसलेली. आमची लस बाहेर का पाठवली हा राग मला तेव्हाही समजत होता, आजही समजतो, 6 कोटींहून जास्त डोस बाहेर गेले होते. पण त्यातला भेट दिलेला भाग सुमारे 1 कोटी, बाकी विकत किंवा कोवॅक्सच्या कराराने गेले, आणि निर्यात थांबली तेव्हा इथे दुसऱ्या डोससाठी नर्सा-डॉक्टर ताटकळले. दोन्ही बाजूला माणसंच होती मामा, बहिणीचा राग खरा आणि इथल्या नर्सची भीतीही खरी.

आणि तुम्ही हा प्रश्न विचारावा याचं मला जास्त वाईट वाटलं. थोरले मामा एप्रिल 2021 मध्ये गेले तेव्हा आरटीपीसीआर निगेटिव्ह होती, छातीच्या स्कॅनचा म्हणजे एचआरसीटीचा स्कोअर 25 पैकी 18, आणि दाखल्यावर नुसतं श्वसनक्रिया बंद पडल्याने असं लिहून दिलं. त्यामुळे 50 हजारांच्या मदतीचा मामींचा अर्ज आधी फेटाळला. तुम्हीच चार महिने फाईल घेऊन हेलपाटे घातलेत, कोविडनेच गेला हे पटवून द्यायला. तेव्हा फोनवर मला म्हणाला होतात, "कागदावर नाही म्हणून माझा भाऊ कोरोनाने मेला नाही काय?"

हे सगळं काल फोनवर बोलले. मामा बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, त्या वॉचमनच्या आईचं काय झालं. म्हटलं, ती वाचली, पण अजून चढ चढताना धाप लागते.