मातकट दिसली म्हणून सुगरण मादी ठरत नाही

पक्षीनिरीक्षकांच्या गटांमध्ये सुगरण पक्ष्यातले नर, मादी आणि पिल्लू ओळखायचं एक सोपं सूत्र फिरतंय: पिवळा तो नर, मातकट ती मादी, छातीवर रेषा किंवा फिकी चोच दिसली तर पिल्लू, आकाराने लहान असेल तर पिल्लूच. नवख्यांना ते पटकन पाठ होतं. पण त्यावर विसंबून केलेल्या नोंदी चुकतात.

मातकट म्हणजे मादी, ही यातली सर्वांत मोठी चूक. नराचा पिवळा माथा, पिवळी छाती आणि काळपट मुखवटा विणीच्या हंगामापुरताच असतो. वीण आटोपली की त्याची पिसं बदलतात, चोचीचा काळेपणा जातो आणि तो मादीसारखाच दिसू लागतो. हिवाळ्यात शेतात उतरलेल्या थव्यात एकही पिवळा पक्षी नसतो, तेव्हा ‘सगळ्या माद्या’ असं लिहिलं की त्यातले नर आणि त्या वर्षीची पिल्लं नोंदीतून गायब होतात. मग ‘एका नरामागे दहा माद्या’ असले निष्कर्ष निघतात. सुगरणीचा नर एका हंगामात एकाहून अधिक माद्यांशी जोडी जमवतो हे खरं आहे, पण ते घरट्यांवरचं त्याचं वागणं पाहून कळतं. हिवाळी थव्यातले मातकट पक्षी मोजून ते कळणार नाही.

हंगामात घरट्यांपाशी मात मादी खात्रीने ओळखता येते. विणकाम जवळपास सगळं नराचं; मादी फार तर आतून शेवटचा हात फिरवते. अंडी तीच उबवते, साधारण 14 ते 17 दिवस. आजूबाजूला पिवळे नर असताना एखादा मातकट पक्षी वारंवार पूर्ण झालेल्या घरट्यात शिरून बराच वेळ आत थांबत असेल, तर ‘मादी’ लिहायला हरकत नाही.

छातीवरच्या रेषांचा वयाशी संबंध जोडणं तर साफ चूक. ठळक रेषा दिसल्या तर आधी जात तपासावी. पाणकणसात घरटी करणाऱ्या रेषाळ सुगरणीच्या छातीवर नर, मादी दोघांनाही रेषा असतात. तिच्या मादीची भुवई पिवळसर असते आणि मानेच्या बाजूला पिवळा डागही असतो. नेहमीच्या सुगरणीच्या मादीची छाती बदामी आणि बहुधा कोरी असते.

फिकी चोच पिल्लाची असते, तशी मादीची आणि विणीबाहेरच्या नराचीही असते. पाहायचं ते चोचीच्या मुळाशी, जबड्याच्या कोपऱ्यात. तिथे फिकी, मांसल, सुजल्यासारखी कड असेल तर पक्षी नुकताच घरट्याबाहेर पडलेला आहे. ही खूण थोडेच दिवस टिकते. सोबत आखूड शेपटी आणि मऊ, विसविशीत पिसं दिसली तर शंका उरत नाही. मोठ्या पक्ष्याने त्याला भरवताना पाहिलं, तर याहून पक्का पुरावा नाही.

आकाराचं तर सोडूनच द्या. पिल्लं सुमारे 17 दिवसांनी घरटं सोडतात, तेव्हाच जवळपास मोठ्यांएवढी झालेली असतात.

चोचीच्या मुळाशी ती कड राहिली नाही आणि पक्षी घरट्यापासून दूर, थव्यात असला, तर दुर्बिणीतून पिल्लू आणि मादी वेगळी करता येत नाहीत. अशा वेळी ‘मादीसारखा पक्षी’ असं लिहावं, लिंग आणि वयाचे रकाने रिकामे ठेवावेत. संख्या, तारीख आणि अधिवास मात्र नीट नोंदवावा.