‘अंगण वाकडं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

शेवटी आपलं वाटलेल्या शहराबद्दल मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही म्हणता, शहर आपलं वाटणं किंवा न वाटणं हा सगळा माणसाच्या स्वभावाचा भाग आहे. मन लावून राहिलं की कुठेही रमता येतं. शहरं बदलत राहणाऱ्यांना एका जागी बूड टेकवता येत नाही, आणि दोष मात्र शहराला जातो. ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ असं तुम्ही स्पष्टच लिहिलंत. पुढे दोन प्रश्न विचारलेत: ज्यांना शहर निवडायची चैन परवडत नाही त्यांचं काय, आणि उद्या हेही शहर नकोसं झालं तर? तुम्ही स्वतः चाळीस वर्षं एकाच शहरात काढली आहेत, म्हणून तुमच्या बोलण्याला वजन आहे. तरीही ते मला पूर्ण पटत नाही. का, ते नीट सांगते.

वेळ द्यावा लागतो, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल या अभ्यासकाने नुकतंच शहर बदललेल्या प्रौढांना आणि विद्यापीठात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना विचारून एक अंदाज बांधला. नुसत्या ओळखीचं जुजबी मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो, खरी मैत्री व्हायला ९०च्या आसपास आणि जिवाभावाच्या मैत्रीला २००हून जास्त. चार-सहा महिन्यांत ‘इथे माझं कोणी नाही’ म्हणून गाशा गुंडाळणाऱ्याला हे तास मिळतच नाहीत. तिथवर आपण एका बाजूला आहोत.

पण हे तास घालवायचे कुठे? आपला वाद इथे सुरू होतो. घरातून निघून गाडीत, गाडीतून कामावर आणि परत, असा दिवस ज्या शहरात जातो तिथे माणूस कितीही मनमिळाऊ असला तरी सहवास येणार कुठून?

डोनाल्ड ॲपलयार्ड नावाचे एक नगररचनाकार होते. त्यांनी आणि मार्क लिंटेल यांनी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या तीन निवासी रस्त्यांचा अभ्यास केला आणि १९७२ साली तो प्रसिद्ध केला. रस्ते एकमेकांच्या जवळचे, दिसायलाही बरेचसे सारखे. मोठा फरक वाहनांचा. एकावरून दिवसाला साधारण २,००० वाहनं जात, दुसऱ्यावरून ८,०००च्या आसपास, तिसऱ्यावरून जवळपास १६,०००. शांत रस्त्यावरच्या रहिवाशांना त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र आणि सहाहून थोडे जास्त ओळखीचे लोक होते. सर्वांत वर्दळीच्या रस्त्यावर मित्र सरासरी एकही भरत नव्हता आणि ओळखीचे लोक तीनच्या आसपास.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त हलवून गेली. रहिवाशांना विचारलं, ‘तुमचं घर’ असं तुम्हाला कुठपासून कुठपर्यंत वाटतं? शांत रस्त्यावरच्या लोकांच्या लेखी सगळा रस्ताच त्यात आला, समोरच्या बाजूच्या घरांसकट. वर्दळीच्या रस्त्यावर ती हद्द आपल्या इमारतीपाशी, काहींच्या बाबतीत तर आपल्या खोल्यांपाशीच संपत होती.

वर्दळीच्या रस्त्यावर भाडेकरू जास्त होते, मुलंबाळं असलेली कुटुंबं कमी होती, तेव्हा सगळं खापर वाहनांवर फोडता येणार नाही, असं तुम्ही म्हणाल आणि ते बरोबर आहे. पण ती कुटुंबं तिथे का टिकत नव्हती, हाही प्रश्न उरतोच. अंगण कधी कधी खरोखरच वाकडं असतं. कोणीतरी टेप घेऊन ते मोजलेलंही असतं.

केव्हिन लिंच या नगररचनाकारांचंही उदाहरण देते. १९६० साली आलेल्या त्यांच्या अभ्यासात बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या शहरांतल्या लोकांना आपलं शहर आठवून त्याचं वर्णन करायला आणि नकाशा काढायला सांगितलं होतं. जर्सी सिटीतल्या लोकांना आपल्या शहराच्या खुणा सांगताना फार जड गेलं. ठळक खूण म्हणून अनेकांना आठवलं ते नदीपलीकडे दिसणारं न्यूयॉर्क! ती माणसं तिथलीच रहिवासी होती, उपरी नव्हती. शहरानेच त्यांना धरून ठेवायला फारसं काही दिलं नव्हतं.

आता माझ्यापुरतं. आधीच्या शहरात मी बरीच वर्षं होते. काम चांगलं होतं, मन लावूनच राहिले. पण घराबाहेर पाऊल टाकलं की चार पदरी रस्ता, आणि पलीकडे जायचं तर लांबचा वळसा. समोरच्या इमारतीतल्या एकाही माणसाचा चेहरा मला आज आठवत नाही. आताच्या शहरात मी वाचनालयात चालत जाते. पायऱ्यांवर एक आजोबा वर्तमानपत्राची चौघडी घालून, एकच रकाना डोळ्यांजवळ धरून वाचत बसलेले असतात. आम्ही कधी एकमेकांची नावं विचारली नाहीत. मध्यंतरी आजारपणामुळे माझं जाणं बंद होतं. पुन्हा गेले तेव्हा पेपर खाली करून ते म्हणाले, “बरेच दिवस दिसला नाहीत. बरं आहे ना?” मी दिसत नाही याची नोंद या शहरात कोणीतरी घेतली होती! त्या दिवशी पुस्तकं न बदलता मी त्यांच्याशेजारी बसून राहिले.

अशा माणसांचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले मिलग्रम यांनी १९७२च्या सुमारास केला होता. रेल्वे फलाटावर रोज थांबणाऱ्यांचे फोटो काढून त्यांनाच दाखवले, तर एकेकाला सरासरी चार चेहरे ओळखीचे निघाले, ज्यांच्याशी तो कधीच बोललेला नव्हता. न बोलता जमलेली ही ओळखही ओळखच आहे. ती होण्यासाठी मात्र तीच माणसं त्याच जागी पुन्हा पुन्हा दिसावी लागतात. फलाट, पायवाट, बाक, पायऱ्या असं काहीतरी शहरात असावं लागतं.

चैनीचा मुद्दा मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. पण तो तुमच्या बाजूचा आहे असं मला वाटत नाही. ज्याला निवडता येतं तो वर्दळीच्या रस्त्यावरून निघून जातो. ज्याला येत नाही तो तिथेच राहतो, आणि ‘मन लावून राहा’ हा सल्लाही आपण त्यालाच देतो. घरमालक सांगेल तेव्हा घर सोडणाऱ्याने ते २०० तास कुठून आणायचे? त्याला स्वभाव बदलायला सांगण्यापेक्षा घराची शाश्वती, चालायला रस्ता आणि फुकट बसता येईल अशी जागा मिळवून देणं जास्त न्यायाचं आहे.

राहिला शेवटचा प्रश्न. हे शहर बिघडलं तर मला फार वाईट वाटेल. वाचनालयासमोरचा रस्ता रुंद करायचा प्रस्ताव आला आहे, त्यात पायऱ्या जाणार आहेत. मी लेखी हरकत दिली आहे आणि सुनावणीलाही जाणार आहे. आधीच्या शहरात असलं काही करावंसं मला एकदाही वाटलं नव्हतं.

एक विनंती आहे. तुम्ही चाळीस वर्षं ज्या रस्त्यावर राहिलात, तो रस्ता कसा होता ते लिहा. मुलं त्यावर खेळायची का? संध्याकाळी माणसं बाहेर बसायची का, आणि अजून बसतात का? तुम्ही रमलात त्यात तुमच्या स्वभावाइतकाच त्या रस्त्याचाही हात असावा असा मला दाट संशय आहे. तसं नसेल तर तेही ऐकायला मला आवडेल.