अस्सल वस्तू कशी ओळखू नये

गेल्या महिन्यात माझ्या भाचीच्या साखरपुड्यात, दोनशे माणसांच्या साक्षीने, मला एक मौलिक ज्ञान प्राप्त झाले. आत्याचा आहेर म्हणून मी तिला लुई व्हिटॉन ह्या महागड्या फ्रेंच कंपनीची बॅग दिली होती. वरपक्षाकडील एका मावशींनी ती कौतुकाने हातात घेतली, पुढून पाहिली, मागून पाहिली, चष्मा नाकावर सरकवून आतला शिक्का वाचला आणि अत्यंत निरागस स्वरात विचारले, "अहो, ह्या नावाच्या शेवटी एन असतो ना? इथे एम दिसतोय." जिलेबी वाढणाऱ्या मुलाचा हातही त्या क्षणी थबकल्याचा मला भास झाला. एवढे महाग पडलेले ज्ञान एकटीने बाळगणे बरे नव्हे, म्हणून डिझायनर वस्तू विकत घेताना खऱ्याखोट्याची पारख कटाक्षाने कशी टाळावी, याविषयी चार शब्द आपल्यासाठी लिहीत आहे.

सर्वप्रथम किंमत पाहावी आणि तिच्यावर संपूर्ण श्रद्धा ठेवावी. माझ्या बॅगेची 'मूळ किंमत' १,६५,००० रुपये अशी लिहून तिच्यावर तांबडी रेघ मारलेली होती आणि खाली ठळक अक्षरांत ४,४९९ रुपये, फक्त आजच्या दिवसापुरते, असे छापले होते. लुई व्हिटॉन ही कंपनी आपला माल स्वतःच्या दुकानांतून आणि स्वतःच्या संकेतस्थळावरूनच विकते आणि कधीही सेल लावत नाही, ही माहिती कोणालाही दोन मिनिटांत मिळू शकते. म्हणूनच ती शोधू नये. दुबईच्या गोदामात उरलेला माल कोल्हापूरच्या एका निवृत्त शिक्षिकेला सत्त्याण्णव टक्के सवलतीत देण्याची सुबुद्धी कोणाला तरी झाली असणार, असे उदार अंतःकरणाने मानावे.

विक्रेत्याच्या संकेतस्थळाचा पत्ता वाचू नये, त्यातील जादा अक्षरे डोळ्यांना त्रास देतात.

बॅग घरी आल्यावर तिच्यासोबत सोनेरी अक्षरांचे 'अस्सलपणाचे प्रमाणपत्र' निघाले, तर आनंदाने ते कपाटात जपून ठेवावे. लुई व्हिटॉन आपल्या बॅगेसोबत असे कार्ड देतच नाही, त्यामुळे ते कार्डच खोटेपणाचा पहिला पुरावा ठरते. परंतु एवढ्या सुबक छपाईचा अपमान का करावा? १८९६ साली जॉर्ज व्हिटॉन यांनी आपल्या वडिलांच्या नावातील एल आणि व्ही ही अक्षरे फुलापानांत गुंफून जे नक्षीचे कापड तयार केले, त्याचा एक हेतू नकलाकारांना आळा घालणे हाच होता. आज जगात सर्वांत जास्त नक्कल होणाऱ्या नक्षींमध्ये तीच नक्षी आहे. आपल्याकडे चोरापासून वाचण्यासाठी बसवलेले कुलूपच चोर आधी नेतो, त्यातलाच हा प्रकार.

हाताळून पाहण्याचा मोहही आवरावा. ह्या कंपनीच्या बहुतेक प्रसिद्ध बॅगांचे अंग चामड्याचे नसून लेप दिलेल्या कापडाचे असते, आणि पुष्कळ बॅगांचे बंद रंग न दिलेल्या गाईच्या कातड्याचे असतात, जे वापराने, उन्हाने आणि हाताच्या घामाने हळूहळू मधाच्या रंगाचे होत जाते. माझ्या बॅगेचे बंद पहिल्याच दिवशी मधाच्या रंगाचे होते आणि आठव्या दिवशी त्या रंगाचा पोपडा निघाला. खोके उघडताच रबरी सोल्यूशनचा जो वास आला, तो सायकलचे पंक्चर काढणाऱ्यांच्या दुकानात मी लहानपणी घेतला होता. शिक्क्यातील 'ओ' हे अक्षर खऱ्या मालावर जवळजवळ नाण्यासारखे गोल असते, माझ्या बॅगेवर ते कोंबडीच्या अंड्यासारखे होते. टाके वाकडे होते, चेन मध्येच अडत होती, आतले अस्तर एका बाजूला सुरकुतले होते. हे सर्व मी पाहिले. पाहूनही आहेराच्या कागदात गुंडाळले. म्हणजे आपण घेत असलेले हे शिक्षण अनुभवी व्यक्तीकडून मिळत आहे, याची खात्री बाळगावी.

काही शंकेखोर लोक सांगतील की २०२१ सालापासून लुई व्हिटॉन आणि शनेल ह्या दोन्ही कंपन्या आपल्या बॅगांत सूक्ष्म चिप बसवतात, आणि पूर्वीच्या काळी त्यांच्यावर अक्षर-अंकांचे किंवा नुसत्या अंकांचे संकेत असत. त्यांना सांगावे की आमच्या बॅगेवर संकेत आहे. तो तसाच्या तसा हजारो बॅगांवर छापलेला असतो, हे मात्र सांगू नये.

गॉगल घेताना रे-बॅनच्या काचेच्या कडेला कोरलेली बारीक आर-बी ही अक्षरे नखाने चाचपून पाहू नयेत. नखाने निघाली तर उगाच मन खट्टू होते. अतिनील किरण न अडवणारी नुसती काळी काच डोळ्याची बाहुली मोठी करते आणि अधिक किरण आत सोडते, पण डोळे दोन असतात.

आयात केलेल्या पाकीटबंद मालावर आयातदाराचे नाव, पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत छापणे आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. ही चिठ्ठी नसल्यास खोके हलके वाटते, हा फायदा लक्षात घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाचा सल्ला: तक्रार अवश्य करावी. मनःशांतीसाठी तिच्यासारखे साधन नाही. मी साखरपुड्याच्या रात्रीच विक्रेत्याच्या अॅपवर तक्रार नोंदवली. तिथे 'रिया' नावाच्या, माणूस नसलेल्या एका बाईंनी माझे स्वागत केले आणि माझी अडचण पुढीलपैकी कोणती आहे असे विचारले: वस्तू उशिरा आली, वस्तू फुटलेली आली, रंग आवडला नाही. 'वस्तू खोटी आहे' हा पर्याय यादीत नव्हता, तेव्हा मी 'रंग आवडला नाही' निवडला, कारण तेही खोटे नव्हते. मग छायाचित्रे मागितली गेली. पाठवली. मग खोके उघडतानाचे अखंड चित्रीकरण मागितले गेले. म्हणजे पासष्ट वर्षांच्या बाईने एका हातात कात्री, एका हातात मोबाइल धरून, मध्ये एकदाही न थांबवता, चिकटपट्टीच्या पहिल्या कापापासून चित्रीकरण करायला हवे होते, आणि ते केले नाही म्हणून 'आपल्या विनंतीवर कार्यवाही करणे शक्य नाही'. मी लिहिले की चित्रीकरण नसले तरी शिक्क्यातला एम दिसतो आहे, तो मी घरी शिवलेला नाही. उत्तर आले की आपली तक्रार सोडवण्यात आली असून आपण आमच्या सेवेला पाच तारे द्यावेत. पुन्हा तक्रार केली, तेव्हा माल परत नेणारा मुलगा येईल असा निरोप आला. तो तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी 'ग्राहक घरी उपलब्ध नव्हते' असा निरोप मात्र आला, आणि मी त्या दिवशी दारातच बसून मटार सोलत होते! त्यानंतर समजले की परत करण्याची सात दिवसांची मुदत संपली आहे. विक्रेता कोण, असे विचारल्यावर आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, असे सांगण्यात आले. पैसे घेताना मध्यस्थ नव्हतात? माझ्या बँकेतून पैसे गेले तेव्हा तुमचे नाव होते, खोक्यावर तुमची चिकटपट्टी होती, जाहिरातीत तुमचा 'शंभर टक्के ओरिजिनल'चा हिरवा शिक्का होता, आणि माल खोटा निघाला की तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलेले वाटसरू? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे, विक्रेत्याचे नाव-पत्ता ग्राहकाला दिसायला हवा. ते नियम ह्यांच्या पायपुसण्याखाली आहेत. शेवटी १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घातली आहे. पाहू.

थोडे पाणी पिऊन पुढे लिहिते.

नकली मालाला नकली म्हणू नये, त्याला भाषेत योग्य मान द्यावा. फर्स्ट कॉपी, मास्टर कॉपी, मिरर क्वालिटी, सेव्हन-ए, एक्स्पोर्ट सरप्लस, कस्टमचा माल: इतकी प्रतवारी आपण हापूस आंब्यातही करत नाही. १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्यात मात्र ह्या सगळ्या प्रतींना एकच नाव आहे, आणि असा माल विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. त्यात 'फर्स्ट कॉपीला सूट' असे पोटकलम मला सापडले नाही.

आणि कोल्हापुरात राहून चपलेविषयी न लिहिणे पाप होईल. बाहेरगावचा पाहुणा अंबाबाईचे दर्शन घेऊन चप्पल घ्यायला निघाला, की त्याला खऱ्या कोल्हापुरीची लक्षणे मुळीच सांगू नयेत. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे, खिळ्याविना चामड्याच्या वादीने शिवलेला तळ, कातड्याचीच वेणी, चालताना होणारी करकर आणि सुरुवातीचे चार दिवस पायाला चावण्याचा तिचा हक्क, हे सारे त्याला कळले तर तो रेक्झीनची, खालून रबर चिकटवलेली जोडी दोनशे रुपयांत घेणार नाही. चप्पल लाइनमधल्या एका म्हाताऱ्या कारागिरांनी माझ्या हातातली अशीच एक जोडी वाकवून पाहिली आणि म्हणाले, "ताई, ह्यो मेणकागद हाय. ह्येला कोल्हापुरी म्हणायचं तर माझ्या बाऽनं काय शिवलं हुतं?" २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातील मिळून आठ जिल्ह्यांच्या ह्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा सोयीस्कर अर्थ, दुसऱ्यांनी नक्कल करू नये आणि आपण खुशाल विकावी, असा घ्यावा.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा ह्या इटालियन कंपनीने पुरुष मॉडेलांच्या पायांत आपल्या कोल्हापुरीसारखीच चप्पल घातली आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही, तेव्हा आपण केवढे पेटून उठलो! आमच्या गल्लीतील एका गृहस्थांनी चौकात उभे राहून, आमच्या कारागिराची कला चोरली, असे भाषण केले. बोलताना त्यांच्या कमरेला एर्मेस ह्या महागड्या फ्रेंच कंपनीचा एच अक्षराच्या बकलाचा पट्टा होता, साडेतीनशे रुपयांचा. तो एच कशाचा, असे मी त्यांना पुढे सहज विचारले, तर ते म्हणाले, कंपनीचं काहीतरी असतंय. प्राडाला अखेर कबूल करावे लागले की ही प्रेरणा इथली आहे, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून इथल्या कारागिरांकडून दोन हजार जोड, प्रत्येकी सुमारे आठशे युरोंना विकण्यासाठी, बनवून घेण्याचे ठरले. त्या पट्ट्याबद्दल एर्मेसशी कोणी करार केल्याचे मात्र ऐकिवात नाही.

उपरोध पुरे झाला. आता सरळ बोलते, आणि राग आला तर येऊ द्या.

तुम्ही गंगावेशीत म्हैस डोळ्यांसमोर पिळून घेतल्याशिवाय दुधाचा पेला तोंडाला लावत नाही. गुजरीत अर्ध्या तोळ्याच्या अंगठीवरही भिंग लावून हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक तपासता. कांदा घेताना तीन वेळा ढीग उपसता. आणि जिचे दुकान नाही, पत्ता नाही, माणूस नाही अशा अॅपला मात्र हजारो रुपये पाठवून मोकळे होता, कारण तुम्हाला फसायचेच असते. पारख करता येत नाही म्हणून नव्हे. बॅग खोटी आहे हे तुम्हाला ठाऊक असते, ती खरी वाटावी एवढीच तुमची इच्छा असते, आणि समोरच्यालाही ती खोटी आहे हे कळू नये यासाठीच तुम्ही पैसे मोजता. मीही मोजले. भाचीला हातमागाची साडी नाहीतर चप्पल लाइनमधली अडीच हजारांची अस्सल कापशी कोल्हापुरी दिली असती, तर त्या मावशींना चष्मा काढावाही लागला नसता. मला मिरवायचे होते. पुण्याच्या व्याह्यांसमोर कोल्हापूरची आत्या काही कमी नाही हे दाखवायचे होते, आणि त्यासाठी मी पोरीच्या हातात खोटी वस्तू दिली. लाज वाटली पाहिजे, आणि वाटते.

पण तुम्हाला वाटत नाही! साखरपुड्यानंतर ही सगळी हकिकत, एम पासून पोपड्यापर्यंत, मी भिशीत सांगितली. सातजणींनी ऐकून घेतली. चौघींनी चुकचुक केले. आणि उरलेल्या तिघींनी एकाच वेळी काय विचारले? "दिसायला छान आहे हो पण, लिंक पाठवता का?"

नाही पाठवणार.