भूतबंगल्यातील फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाविषयी खुलासा

फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस सर्वांसाठी खुला (स्वामित्वहक्कमुक्त) असल्याने अमेरिकेतील हॅलोविन या भुताखेतांच्या सणासाठी उभारल्या जाणाऱ्या भूतबंगल्यांत तो कोणत्याही रूपात विनापरवाना उभा करता येतो, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही मूळ कादंबरी 1818 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यावरील स्वामित्वहक्क केव्हाच संपले असल्याने, तिच्यात वर्णिलेला पिवळसर कातडीचा व लांब काळ्या केसांचा राक्षस कोणीही वापरू शकतो. मात्र सपाट माथा आणि मानेतले बोल्ट ही ज्याची ओळख बनली आहे, तो चेहरा रंगभूषाकार जॅक पीअर्स यांनी युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीच्या 1931 च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ चित्रपटासाठी घडवला, आणि त्या काळातील चित्रपटांना अमेरिकेत 95 वर्षे संरक्षण असल्याने ते 2026 अखेरपर्यंत लागू राहते. दुकानातून मुखवटा विकत घेतला म्हणजे ते पात्र तिकीट लावून दाखवण्याचा किंवा जाहिरातीत छापण्याचा हक्क मिळाला, असे होत नाही. खुद्द युनिव्हर्सलनेही आपल्या मनोरंजन उद्यानातील 2007 च्या ‘हॅलोविन हॉरर नाइट्स’ या कार्यक्रमात फ्रेडी आणि जेसन ही दुसऱ्यांच्या भयपटांतील पात्रे परवाना घेऊनच आणली होती. हौसेने आणि कष्टाने बंगला उभारणाऱ्या छोट्या आयोजकांनी, माझ्या मते, 1968 च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मधील चालत्या प्रेतांकडे वळावे, कारण त्या चित्रपटाच्या प्रतींवर हक्कसूचना छापायची राहून गेल्याने तो अमेरिकेत प्रथमपासूनच सर्वांसाठी खुला आहे.