मांजरानं टोपी कामून घातली

चाळिशी ओलांडलेल्या माणसानं परभणीत राहून कॉमिक्स वाचावी की नाही यावर आमच्या घरात कायमची बैठक बसलेली असते आणि तिचा निकाल आधीच लागलेला असतो. दुकानात गेलो की दुकानदार पुस्तक उलटंपालटं करून विचारतो, बड्डेचं आहे का, पॅक करून देऊ? नको म्हणलं तर त्याचा चेहरा असा होतो की जणू मी स्वतःसाठी दुधाची बाटली मागितलीय. आता तर मी पॅकच करून घेतो, चमकीचा कागद, वर फुल बिल लावून, आणि घरी येऊन दार लावून उघडतो.

तिकडं बेल्जियममध्ये टिनटिन नावाच्या कॉमिक्सच्या हिरोचं साप्ताहिक निघायचं त्याची जाहिरातच होती, 7 ते 77 वयाच्या तरुणांसाठी. माझं वय 42, गणित करून बघा, बरोब्बर मधोमध येतो मी. हे मेव्हण्याला पटवून सांगितलं तर तो म्हणाला भाऊजी तुमचा बीपी चेक करा.

खरं म्हणजे हे 'पोरांचं' लेबल लावलंय मोठ्यांनीच. अमेरिकेत 1954 ला एका मानसोपचारवाल्या डॉक्टरनं पुस्तक लिहिलं की कॉमिक्सनं पोरं बिघडायलीत, सिनेटपर्यंत गेलं प्रकरण, मग प्रकाशकांनी घाबरून स्वतःच नियम करून घेतले की गुन्हेगाराला शेवटी शिक्षा झालीच पाहिजे, झोंबी बंद, व्हॅम्पायर बंद. झालं, राहिलं काय मग? पोरांना चालंल तेवढंच. आणि आता परत आम्हालाच विचारायलेत की ही पोरांची पुस्तकं तू कशाला वाचायलास.

मेव्हण्याला मी अजिंठ्याचा दाखला दिला. म्हणलं आपल्याच विभागात भिंतीच्या भिंती जातककथांनी रंगवून ठेवल्यात, ती चित्रकथाच की, आणि 17 नंबरच्या लेणीत तर राजपुत्र दान करता करता स्वतःची दोन लेकरंसुद्धा देऊन टाकतो, हे काय बालवाडीचं साहित्य आहे का? शिवाय तिथं 15 वर्षांखाली फुकट आणि मोठ्यांना तिकीट, म्हणजे पैसे कोणाकडून घ्यायचे हे पुरातत्व खात्यानं कधीच ठरवलंय. मेव्हणा म्हणाला, तिथं गाईड असतो, तुमच्याकडं कोण आहे.

मग गंगाखेडहून आत्या आली. शेजारचं पोरगं रडायला लागलं म्हणून आत्यानं माझ्या कपाटातून उंदीर-मांजराचं पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं. ते होतं 'माउस', आर्ट स्पीगलमनचं, 1992 चं पुलित्झर पारितोषिक मिळालेलं, ज्यात ज्यू म्हणजे उंदीर आणि नाझी म्हणजे मांजरं आणि गोष्ट स्पीगलमनच्या बापानं भोगलेल्या ऑशविट्झ ह्या नाझी छळछावणीची. मी अंगावर टॉवेल तसाच धरून पळत आलो. पोरगं एकदम गप, पानं उलटायलंय, त्याला काहीच झालं नव्हतं, उंदीर बघून खूष होतं. घोळ आत्याचा झाला. ती चष्मा पुसत म्हणाली, "अरे, ह्या मांजरानं टोपी कामून घातलीय?"

आता सांगायचं कसं? म्हणलं आत्या, हे लष्करातलं मांजर आहे, उंदरांच्या घरात शिरून त्यांना धरून न्यायलंय. ती थोडा वेळ त्या चित्राकडंच बघत राहिली, लपलेल्या उंदरावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आमची माय बी अशीच कडब्याच्या गंजीत लपली होती, रझाकार आले तवा. तोंडात पदर कोंबून." मग लगेच, "पुढं सांग. धरलं का त्याला?"

इंग्रजी येत नाही तिला. चौकट चौकट मीच वाचून सांगितली, चहा दोनदा गार झाला, पोरगं तोवर घरी निघून गेलं आणि बायकोनं स्वयंपाकघरातून भांडी जरा जास्तच आवाजात घासली. मधेच एका पानावर डुक्कर आलं तर आत्याला वाटलं प्रिंटिंग चुकलं, मग सांगितलं हे पोलंडचे लोक, तर म्हणाली, "बरं केलं त्यानं तोंडं वेगळी काढली, नाहीतर ध्यानातच आलं नसतं कोण कोणाचं."

पहिला भाग संपला आणि ती गंगाखेडला गेली, पण गोष्ट काही गेली नाही. आता फोन येतो. दुसरा भाग तपोवन एक्स्प्रेसमध्ये माझ्या बॅगेतच असतो कारण तिचा फोन कधी येईल सांगता येत नाही, परवा सेलू सोडलं आणि आलाच, रेंज जायच्या आत सांगून टाकावं म्हणून मी जरा मोठ्यानंच चालू केलं की हां, उंदीर अजून जिवंत आहे, हो हो, बायको पण आहे, नाही, मांजरं अजून गेली नाहीत, घाबरू नको तू, मी आहे ना. डब्यात शेंगा फोडायचे आवाज बंद झाले. समोरचे गृहस्थ फोन ठेवेपर्यंत लै प्रेमानं बघत होते, मग पुढं झुकून हळूच म्हणाले, "छान समजावून सांगता हो. किती वर्षांचं आहे?"

म्हणलं, एकाहत्तर.