स्टेपओव्हरच्या मागे लागू नका, टूल तिरका करा

फाइव्ह ॲक्सिस मिलिंगच्या (टूल तिरका करता येणाऱ्या मशीनवर धातू कापण्याच्या) फिनिशवरच्या लेखात म्हटलंय, "फिनिश हवी असेल तर स्टेपओव्हर (शेजारच्या दोन पासमधलं अंतर) कमी करा", ते अर्धंच बरोबर आहे राव. १० मिमीच्या बॉलनोजने (गोल टोकाच्या कटरने) ०.३ मिमीचा स्टेपओव्हर घेतला तरी दोन पासमधली कड हिशोबाने जेमतेम २ मायक्रॉनच राहते, तो ०.१५ केला तर कड पाव होते पण मशीनचा टाइम डबल, आणि जॉबवर हात फिरवला तर खरखर तशीच. कारण बॉलच्या टोकाला फिरण्याचा वेग शून्य असतो, तिथे कटर कापत नाही, नुसता घासतो. फाइव्ह ॲक्सिस घेतलंय कशाला मग? टूल १५ डिग्री कलवा, १०,००० आरपीएमला मिनिटाला साधारण ८० मीटर कटिंग स्पीड मिळतो आणि पृष्ठभाग लगेच वेगळा दिसतो.

आमच्याकडे भोसरीला मोल्डचं काम चालतं, कोअरवर (मोल्डच्या आतल्या भागावर) लाइटखाली बारीक पैलू दिसायचे आणि सगळे स्पिंडलला (टूल फिरवणाऱ्या भागाला) शिव्या घालत होते, शेवटी निघालं काय तर कॅममध्ये (टूलचा मार्ग बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टॉलरन्स, म्हणजे मूळ आकारापासून चालणारा फरक, ०.०१ मिमी ठेवलेला, वक्रावर सरळ तुकडेच पडत होते 😄 तो ०.००२ केला, प्रोग्रामचे पॉइंट वाढले म्हणून मशीनच्या कंट्रोलरचा हायस्पीड मोड (फानुक कंपनीच्या कंट्रोलरला जी०५.१ क्यू१ कोड) चालू केला, पैलू गायब. यावर लेखात एक ओळ नाही. आणि टूल धरणाऱ्या होल्डरचा रनआउटही (फिरताना मध्यापासून किती हलतो ते) डायल गेज लावून बघा, होल्डर वाकडा असेल तर एकच दात कापतो, बाकीचे नुसते फिरतात.