आधी शिक्षा, मग सुनावणी!

डोकं फिरलंय नुसतं. पीयूसी सेंटर बंद करायला साहेबांना एक क्लिक पुरतो, आणि तेच परत चालू करून घ्यायला आम्ही चपला झिजवायच्या!

माझं गॅरेज आहे, त्याला लागूनच पीयूसी सेंटर. तपासणीला आलेल्या आरटीओच्या साहेबांनी जुने फोटो चाळले. भर पावसात काढलेल्या एका दुचाकीच्या फोटोत नंबरप्लेट धूसर दिसली, झालं! 'गाडी समोर नसताना प्रमाणपत्र दिलं' असा शेरा मारून मोकळे. त्या गाडीचं मशीनवरचं रीडिंग वेळेसकट माझ्याकडे आहे. ते बघायची तसदी कुणी घेतली नाही. नोटीस हातात पडायच्या आधीच प्रमाणपत्र काढायचं ऑनलाइन लॉगिन बंद! माणसाला आधी विचारावं, मग काय ती शिक्षा करावी, एवढं साधं कळत नाही?

अपील करा म्हणे. केलं. लायसन्स रद्द झालेला ड्रायव्हर असो की ड्रायव्हिंग स्कूल, अपिलाला मुदत ३० दिवसांची. आम्ही तारखा पाळायच्या. आणि तिकडे? खिडकीवर गेलं की 'फाइल वर गेलीय', वर गेलं की 'अभिप्रायासाठी खाली पाठवलीय'. निलंबन संपत आलं तरी सुनावणीचा पत्ता नाही. मग निकाल माझ्या बाजूने लागला तरी त्याचं मी काय करू? बुडालेला धंदा कोण भरून देणार?

आणि 'महिन्याभराचा तर प्रश्न आहे' असं कुणी म्हटलं की तळपायाची आग मस्तकात जाते. बीएस-४ (धुराच्या सरकारी निकषांचा एक टप्पा) आणि त्यानंतरच्या गाड्यांची पीयूसी वर्षभर चालते. आज माझं शटर खाली बघून जो पुढच्या चौकात गेला, तो वर्षभर तरी इकडे फिरकत नाही. नंतरही येईल याची खात्री काय? दर किती, तर दुचाकीला ५०, पेट्रोल कारला १२५, डिझेलला १५० रुपये. यातच जागेचं भाडं, पोराचा पगार, मशीनचं कॅलिब्रेशन.

डिझेल गाडी नीट तपासायची म्हणजे स्मोक मीटरची नळी सायलेन्सरमध्ये घालून अ‍ॅक्सिलरेटर पुन्हा पुन्हा तळापर्यंत दाबावा लागतो. मालक बाजूला उभा राहून ओरडतो, 'इंजिनाची वाट लावाल!' तरी मी दाबतो. धूर जास्त निघाला की फेल म्हणून तोंडावर सांगतो, शिव्या खातो. आणि गाडीच्या जवळही न जाता प्रमाणपत्रं छापणारे राजरोस धंदा करतायत, सगळ्या गावाला माहीत आहे! त्यांच्या दारात कुणी जात नाही.

चूक असेल तर कागदावर सिद्ध करा, दंड लावा, भरतो. पण सुनावणी होईपर्यंत निलंबनाला स्थगिती द्या. ते जमत नसेल तर निदान तारीख तरी द्या! सेंटरवरच्या पोराला या महिन्याचा पगार मी कुठून देऊ?